बाहेरून काम केलं म्हणून गाडीची वॉरंटी नाकारली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पनवेलपासून बांद्यापर्यंत नवी गाडी दारात आली की महिन्याभरात तिला काहीतरी बसतंच. घाटातल्या धुक्यासाठी पिवळे फॉग लॅम्प, खाऱ्या हवेसाठी खालून कोटिंग, आंब्याच्या पेट्यांसाठी टपावर कॅरिअर, पोरांच्या हट्टाखातर मोठा स्पीकर. पुढे काही बिघडलं की शोरूमच्या काउंटरवर ऐकू येतं, "साहेब, बाहेरून काम केलंत ना, वॉरंटी गेली." त्या वाक्यानंतर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

बाहेरून काही बसवलं की सगळी वॉरंटी जाते का?

आधी गाडीसोबत मिळालेली वॉरंटी पुस्तिका काढा. ती बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये न उघडलेली असते. बहुतेक पुस्तिकांत वाक्य असं असतं: कंपनीने मान्य न केलेल्या बदलामुळे किंवा सुट्या भागामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. यातला 'मुळे' महत्त्वाचा. फॉग लॅम्पची वायर मुख्य वायरिंग कापून जोडली आणि पुढे फ्यूज बॉक्स जळला, तर शोरूमच्या म्हणण्यात दम आहे. पण तोच फॉग लॅम्प दाखवून एसीचा कॉम्प्रेसर नाकारणं म्हणजे पडवीचं कौल फुटलं म्हणून विहिरीचं पाणी आटलं असं म्हणणं.

काही पुस्तिकांत मात्र 'कोणताही बदल केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द' असं सरसकट कलम असतं. तेवढ्यावरून घाबरून परत फिरू नका. कलम छापलेलं असलं तरी ते ग्राहकावर अन्यायकारक आहे का, हे ग्राहक आयोग तपासू शकतो. फक्त एकतर्फी कराराबद्दलची तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी दावा लावताना भर 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' यांवर ठेवावा.

यूट्यूबवर एक जण सांगतो की बिघाड बाहेरच्या वस्तूमुळेच झाला हे कंपनीला सिद्ध करावंच लागतं, नाहीतर पैसे द्यावे लागतात. आपल्याकडे तसंच आहे का?

तो माणूस अमेरिकेतला असणार. तिथे १९७५ चा मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे आणि त्याचे दाखले इंटरनेटभर फिरतात. रत्नागिरीच्या शोरूममध्ये जाऊन त्याचं नाव घेतलंत तर समोरचा मॅनेजर मनात हसेल आणि पुढचं काहीच गंभीरपणे घेणार नाही.

आपल्याकडे वाट वेगळी आहे, पण बंद नाही. बिघाड वॉरंटीच्या मुदतीत झाला, सर्व्हिसिंग वेळेवर झालं आणि तक्रार नोंदवली, हे तुम्ही दाखवायचं. ते दाखवलंत की 'हा बिघाड अपवादात बसतो' असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. पुराव्याच्या कायद्याचं मूळ तत्त्वच ते आहे: जो एखादी गोष्ट आहे असं सांगून हक्क मागतो किंवा नाकारतो, भार त्याच्यावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम १०४ मध्ये आहे. तरीही नुसत्या भारावर विसंबून राहू नये. शोरूमकडे इंजिनिअर आहे, स्कॅनर आहे, कंपनीचं लेटरहेड आहे. आपल्याकडेही कागद हवा.

काउंटरवर नकार मिळाला. त्याच दिवशी काय करू?

भांडू नका आणि गाडी ओढून घेऊनही जाऊ नका. जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर 'जनरल चेकअप' असं लिहितो आणि आपण सही करून मोकळे होतो, तिथेच अर्धा दावा सांडतो. 'चढावर गिअर बदलताना धक्का बसतो, २२,००० किलोमीटर, तारीख अमुक' असं हवं. निकामी भागाचे, बाहेरून बसवलेल्या वस्तूचे आणि दोन्हींमधल्या अंतराचे फोटो काढा. स्कॅनर लावला असेल तर एरर कोडचा प्रिंट मागा. देत नसतील तर निदान स्क्रीनचा फोटो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नकार लेखी मागणं. तोंडी नकाराला आयोगात किंमत नाही आणि शोरूमला ते पक्कं ठाऊक असतं. घरी आल्यावर ई-मेल करा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा. साधारण असा:

"माझी गाडी क्रमांक एमएच-०८ …, चासी क्रमांक …, दि. … रोजी … किलोमीटरवर आपल्या वर्कशॉपमध्ये दिली. तक्रार … अशी होती. बाहेरून बसवलेल्या … मुळे वॉरंटी लागू होत नाही, असे मला तोंडी सांगण्यात आले. कृपया सात दिवसांत लेखी कळवावे: कोणता भाग निकामी झाला, तो कोणत्या तपासणीवरून ठरवला, वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या कलमाखाली दावा नाकारला, आणि माझ्या बसवलेल्या वस्तूमुळे तो भाग नेमका कसा निकामी झाला. तोपर्यंत निकामी भाग टाकून देऊ नये किंवा बदलू नये. या पत्राची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवत आहे."

चौथा प्रश्नच खरा प्रश्न आहे. कितीतरी दावे तिथेच सुटतात, कारण 'कसा' हे लिहायची वेळ आली की वर्कशॉप मॅनेजर कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरला फोन लावतो आणि तो म्हणतो, "करून टाका, गुडविलमध्ये घाला." गुडविलमध्ये, म्हणजे जबाबदारी मान्य न करता कंपनीच्या खर्चाने, काम होत असेल तर तत्त्वाचा मुद्दा न करता करून घ्या.

शोरूमशी भांडायचं की कंपनीशी?

दोघांशी, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. वॉरंटी कंपनी देते. शोरूम ती राबवतं. डीलर आणि कंपनी यांचं नातं बहुतेक करारांत दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं असतं, त्यामुळे एकाच्या चुकीसाठी दुसरा आपोआप जबाबदार धरला जात नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि डीलरने २००९ चं मॉडेल दिलं. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात टाटा मोटर्सला जबाबदारीतून वगळलं, कारण कंपनीविरुद्ध ठोस आरोप आणि पुरावा नव्हता. तेव्हा तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा आणि कोणी काय चुकवलं ते वेगळं लिहा: डीलरने तपासणी न करता नकार दिला, कंपनीने कळवूनही लक्ष दिलं नाही.

कोणत्या बदलावर आपली बाजू खरंच पडकी असते?

इंजिनच्या संगणकाचं रीमॅपिंग (जादा ताकदीसाठी सॉफ्टवेअर बदलणं) केलं असेल आणि टर्बो, क्लच, गिअरबॉक्स किंवा इंजिन गेलं असेल, तर फार आशा ठेवू नका. जादा ताकद जिथून जाते तिथेच ते मोडतं, हे दाखवायला कंपनीला कष्ट पडत नाहीत. सॉफ्टवेअर परत पूर्वीसारखं केलं तरी अनेक गाड्यांत ते बदलल्याची नोंद मागे राहते.

मोठे टायर आणि बाहेर आलेले अलॉय व्हील हे दुसरं. व्हील बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश, स्टिअरिंग रॅक यांवर त्याचा भार येतो. पण इथे एक बारकावा आहे. कंपनीच्याच वरच्या मॉडेलमध्ये तोच टायरचा आकार येत असेल, तर पुस्तिकेतलं किंवा दरवाजाच्या खांबावरचं टायरचं स्टिकर तुमचा साक्षीदार ठरतं.

हेडलाइटचे बल्ब लोक हलक्यात घेतात. नेहमीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. अंधाऱ्या रस्त्याला कंटाळून ९०/१०० चा टाकला की होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो. तो दिवा आणि ते वायरिंग वॉरंटीत मिळणार नाही; मात्र तेवढंच मिळणार नाही.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग, इंजेक्टर यांवरून वाद होतो आणि बऱ्याचदा कंपनी जिंकते. किटची नोंद आरसी बुकात नसेल तर हरलातच, कारण मग तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बेकायदा बदल ठरतो. पॉवर विंडो, स्टिअरिंग, एसी यांचा मात्र गॅसशी संबंध जोडायला त्यांना घाम फुटेल.

आणि खालून केलेलं कोटिंग. किनाऱ्यावर ते हवंसं वाटणं स्वाभाविक आहे. मिऱ्या किंवा मालवणला समुद्रासमोर उभी राहणारी गाडी दोन पावसाळ्यांत गंजून ते सांगते. पण बाहेरचा माणूस फवारा मारताना दरवाजाच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या) तळाची पाणी जायची भोकं बुजवतो, कधी नवी भोकं पाडतो. मग पाणी आत साठून पत्रा आतून कुजतो. त्या गंजावर कंपनीने बोट ठेवलं तर ते अगदीच खोटं नसतं. कोटिंग करून घेताना भोकं उघडी राहिल्याचे फोटो काढून ठेवणारा शहाणा.

आणि कुठे शोरूम उगाच अडवतं?

स्टिअरिंग कव्हर, फ्लोअर मॅट, डोअर व्हायझर, वायर न कापता कपलरला कपलर जोडून बसवलेला स्टिरिओ, सॉकेटमधून वीज घेणारा डॅशकॅम, टपावरचा कॅरिअर. यांवरून इंजिन, गिअरबॉक्स किंवा एसी नाकारला तर लेखी कारण मागाच. सीट कव्हरचा अपवाद लक्षात ठेवा: सीटच्या बाजूला एअरबॅग असेल आणि कव्हरने ती शिवण झाकली असेल, तर एअरबॅगबद्दल तक्रारीला जागा उरत नाही. तिथे वॉरंटीपेक्षा जिवाचा प्रश्न मोठा आहे.

ज्या अ‍ॅक्सेसरीवरून नाकारलं, ती शोरूमनेच गाडी देताना बसवली होती. आता?

मग तुमचं पारडं जड आहे. डिलिव्हरीच्या वेळचं बिल शोधा. त्यावर 'बेसिक किट', 'अ‍ॅक्सेसरी पॅकेज' असं काहीतरी असतं. वस्तू कंपनीच्या अस्सल यादीतली असेल तर कंपनीला 'बाहेरची' म्हणता येत नाही. शोरूमने स्थानिक दुकानातली आणून बसवली असेल, तर वॉरंटीला धोका आहे हे त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं. नुकसानभरपाई त्याच्याकडून मागता येते. बिलच दिलं नव्हतं? व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, गाडीची पूजा करतानाचे फोटो, ज्यात तो स्पीकर किंवा लॅम्प दिसतो, तेही कामाला येतात. डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, हे वकिलालाही आठवण करून द्या.

सर्व्हिसिंग गावातल्या गॅरेजमध्ये केलं. त्यावरूनही नाकारतात.

हे जास्त दुखणारं आहे, कारण देवगडहून किंवा दापोलीहून दर वेळी अधिकृत वर्कशॉप गाठणं म्हणजे दिवस मोडणं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याच्या अटीविरुद्ध निर्देश दिले होते. सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येईल, असा त्याचा रोख होता. त्या आदेशाला कंपन्यांनी वरच्या मंचांवर आव्हान दिलं, म्हणून सगळा दावा त्याच्यावर उभा करू नका. जोडीला जरूर ठेवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलं. वाहन क्षेत्र त्यात आहे.

व्यवहारात मात्र ऑइलची ग्रेड, फिल्टर आणि किलोमीटर लिहिलेलं पक्कं बिल नसेल तर इंजिनच्या दाव्यात टिकणं कठीण. गॅरेजवाला 'बिल कशाला, आपलीच गाडी' म्हणाला तरी मागा.

निकालापर्यंत गाडी तिथेच ठेवायची? रोजचं पार्किंग लावू म्हणतात.

पार्किंगचा दर आणि तो लावण्याचा आधार लेखी मागा. इंजिन उघडलं असेल तर उघडण्याची मजुरी ते मागू शकतात, आणि केलेल्या कामाच्या पैशांसाठी गाडी रोखून धरण्याचा मर्यादित हक्क करार कायद्याच्या कलम १७० मध्ये आहे. म्हणून 'वॉरंटीत बसलं नाही तर उघडण्याचा खर्च किती' हे आधीच विचारावं.

गाडीवाचून अडत असेल तर पैसे भरून दुरुस्ती करून घ्या, पण बिलावर आणि ई-मेलमध्ये 'हरकत राखून रक्कम भरली' असं लिहा. आणि जुना भाग मागा. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे जातो. तुम्ही पैसे मोजलेत तर जुना भाग तुमचा. तो पिशवीत बंद करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवा. हा भाग हाती नसला की पुढे तज्ज्ञ तपासणार काय?

तज्ज्ञ कुठून आणू?

विमा कंपन्यांसाठी काम करणारे परवानाधारक वाहन सर्व्हेअर खासगी अहवालही देतात. जवळच्या तंत्रनिकेतनातले किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातले यंत्र विभागाचे प्राध्यापक विचारून पाहा. नाक्यावरच्या मेकॅनिकचं प्रतिज्ञापत्र अगदीच निरुपयोगी नसतं, पण त्याच्यासमोर कंपनीचा इंजिनिअर असतो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग स्वतः वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो; तसा अर्ज तक्रारीसोबतच करावा. अहवालाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: हा भाग त्या बदलामुळे गेला का. गाडीचा इतिहास सांगणारा आठ पानी अहवाल कोणी वाचत नाही.

बसवलेली वस्तू गाडी शोरूमला नेण्याआधी काढून टाकली तर?

नका. कंसाच्या खुणा, टेपचा गोंद, कापलेली वायर दिसतेच. मागच्या जॉब कार्डवरही 'बाहेरचे फॉग लॅम्प आहेत' अशी नोंद असू शकते. मुळात फॉग लॅम्पमुळे ज्याला काही बाधा येणार नव्हती, तो दावा तुम्ही स्वतःच संशयास्पद करून ठेवता.

तक्रार कुठे आणि किती खर्चात?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. ती आदेश देत नाही, पण कंपनीच्या मुख्य कार्यालयात तक्रार पोचते आणि मोठ्या कंपन्या तिथे उत्तर देतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचा सल्लाही घ्यावा.

त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: रत्नागिरीकरांना रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसची सिंधुदुर्गनगरी, रायगडकरांना अलिबाग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार लावता येते. गाडी कोल्हापूरच्या शोरूममधून घेतली असली तरी गगनबावडा चढायची गरज नाही. चाकरमान्यांनी गाडी गावी बिघडली तरी मुंबई-ठाण्यात लावली तर चालते.

अधिकार आणि फी ठरते गाडीसाठी दिलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते.

मुदत किती?

कारण घडल्यापासून २ वर्षं, म्हणजे साधारणपणे लेखी नकाराच्या तारखेपासून. स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. 'गणपतीनंतर बघू, शिमग्यानंतर बघू' करत दोन वर्षं सहज जातात. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग माफ करू शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. समोरच्यांना उत्तरासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ मिळतात. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. कायद्यात निकालासाठी ३ महिने, तपासणी लागली तर ५ महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात धीर धरा.

माझी गाडी पर्यटक टॅक्सी आहे. मी ग्राहक ठरतो का?

स्वतः चालवून पोट भरत असाल तर हो. व्यापारासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वगळलेली नाही. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा. दहा गाड्या आणि दहा ड्रायव्हर असतील तर अवघड जाईल.

नवी गाडीच मागू का?

मागू नका, मागणी फुगली की बाकीचंही हलकं वाटतं. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं की वॉरंटीने सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी दिली असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश त्यातून निघत नाही. दुरुस्तीचा खर्च, टोइंग, गाडी बंद असतानाचा पर्यायी प्रवास (पावत्यांसह), मानसिक त्रास आणि दाव्याचा खर्च एवढं मागा.

पुराचं पाणी इंजिनात गेलं. ही वॉरंटी की विमा?

विमा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हे अनेकांना महागात कळलं. बुडालेली गाडी सुरू करून पाहायची नाही. इंजिनासाठी वेगळं संरक्षण पॉलिसीत आहे का ते पाहा. बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तू आणि गॅस किट विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंदवलेले हवेत, नाहीतर वॉरंटीचा वाद विम्यातही तसाच उभा राहतो. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालून लाटांशी खेळणाऱ्यांना मात्र कोणीच वाली नसतो, आणि तसा असूही नये.

आदेश माझ्या बाजूने झाला, तरी पैसे येत नाहीत.

विरुद्ध पक्ष ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकतो, पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नसेल तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखा वसूल होतो. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा कलम ७२ खालचा अर्ज दाखल झाल्याची प्रत कंपनीच्या कायदा विभागाला ई-मेलने पाठवा. चेक बहुधा पुढच्या तारखेच्या आत येतो.